मोटर गेली म्हणण्याआधी भांडे उलटे करून बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. ७५० वॅटचा फूड प्रोसेसर, घेऊन चार वर्षे झाली. मोठ्या बाऊलला कांद्या-लसणाचा वास बसलाय आणि हळदीने तो पिवळा पडलाय. चटणीच्या लहान भांड्याखाली काळे पाणी साचते. कधी झाकण नीट लावूनही मशीन सुरू होत नाही. आणि परवा कणीक मळताना जळका वास आला नि सगळेच बंद पडले. दुकानदाराने बघितल्याबरोबर सांगितले, मोटर गेली, नवीन घ्या. तर घ्यावे का?

ताई, इतक्यात घेऊ नका. रत्नागिरीत माझे मिक्सर-दुरुस्तीचे दुकान आहे, आणि ‘मोटर गेली’ म्हणून जी मशिने माझ्या टेबलावर येतात त्यातल्या बऱ्याच मशिनांची मोटर ठणठणीत असते. बिघाड असतो तो भांड्याच्या बुडाशी, झाकणाच्या लॉकमध्ये, नाहीतर मोटर आणि भांडे यांना जोडणाऱ्या चांदणीसारख्या कपलरमध्ये. म्हणजे जिथे जिथे पाणी आणि पीठ जाऊन बसते तिथे. तुमच्या चारही तक्रारींचे मूळ मला तिथेच दिसते. म्हणून साफसफाई, ठेवण आणि दुरुस्ती असे तीन वेगळे विषय न करता एकत्रच सांगतो.

आधी बंद पडण्याचे बघू, कारण घाबरवले त्याने आहे. मशीन उलटे करा (प्लग काढून, हे दरवेळी सांगणार नाही, गृहीत धरा). बुडाला एक लहान लाल बटण असेल. ते ओव्हरलोडचे. मोटरवर झेपेल त्याहून जास्त भार आला, की आतला प्रवाह वाढतो आणि हे बटण बाहेर येऊन वीज तोडते. मोटर वाचावी म्हणूनच ते असते. बाऊल काढा, कणीक बाजूला करा, मशीनचा खालचा भाग हाताला गार लागेपर्यंत अर्धा तास थांबा. मग बटण आत दाबा. टक् असा बारीक आवाज येतो. आता बाऊल रिकामा ठेवून, झाकण लावून, एक नंबरवर चालवा. चालले तर मोटर शाबूत आहे. रिकामे असतानाही बटण पुन्हा पुन्हा उडत असेल, तर मात्र आत कॉइल (मोटरमधली तारेची गुंडाळी) नाहीतर बेअरिंगचे काहीतरी आहे आणि ते कारागिराचे काम.

वासाचेही दोन प्रकार आहेत, ते ओळखायला शिका. रबर जळल्याचा वास आला तर कपलर घसरतोय. गरम वार्निशचा, जरा गोडसर आणि घशाला लागणारा वास आला तर कॉइल तापलीय. नव्या मशीनला पहिल्या काही वेळा हा वार्निशचा वास येतोच, त्याची काळजी नको. चार वर्षांच्या मशीनला आला तर लगेच थांबायचे.

कणकेने ओव्हरलोड का उडतो ते समजून घेण्यासारखे आहे. आपल्याकडचे मिक्सर मुळात वाटणासाठी बनले. १९६० च्या दशकात मुंबईत सत्यप्रकाश माथुर या अभियंत्यांनी ‘सुमीत’ काढला, तो परदेशी मिक्सर आपल्या ओल्या-सुक्या वाटणापुढे टिकत नाही हे बघूनच. फूड प्रोसेसरचे कूळ वेगळे. फ्रान्समध्ये हॉटेलांच्या भटारखान्यासाठी निघालेले ते यंत्र १९७० च्या दशकात घरगुती झाले आणि त्याचे मुख्य काम चिरणे, किसणे, पीठ गोळा करणे. आपल्या बाजारातला प्रोसेसर म्हणजे या दोन घराण्यांची सोयरीक आहे. मोटर मिक्सरची, रिकामी असताना मिनिटाला १८-२० हजार फेरे घेणारी, आणि बहुतेक मॉडेलमध्ये बाऊलसाठी तिचा वेग गिअरने किंवा पट्ट्याने उतरवलेला.

या मोटरला गार ठेवणारा पंखा तिच्याच दांड्यावर बसवलेला असतो. कणीक घट्ट झाली की मोटर मंदावते, मंदावली की पंखाही मंदावतो, आणि नेमक्या त्याच वेळी ती जास्त वीज ओढून जास्त तापते. म्हणजे सगळ्यात जास्त वारा हवा तेव्हा सगळ्यात कमी मिळतो. म्हणून मशीन कण्हायला लागले की ‘अजून अर्धा मिनिट, होईलच’ हा विचार घातक. कणीक भिजवताना आधी पीठ आणि मीठ घाला, झाकण लावा, एक नंबरवर सुरू करा आणि वरच्या नळीतून पाणी धारेने सोडा. पिठाचा गोळा होऊन पात्याबरोबर फिरू लागला की बंद करायचे. एक-दोन मिनिटांचे काम आहे. पुस्तिकेत जेवढे पीठ लिहिलेय तेवढेच घाला, पाहुणे आले तर दोनदा करा. पुऱ्यांची किंवा शंकरपाळ्यांची घट्ट कणीक असेल तर लिहिलेल्या प्रमाणाच्या निम्मीच. शेवटचे तिंबणे हातानेच होते, ते मशीनवर ढकलू नका.

भांड्यांच्या वापरालाही मर्यादा आहे. मिक्सरच्या लेबलवर बहुधा ३० मिनिटांचे रेटिंग असते. त्याचा अर्थ सलग अर्धा तास नव्हे. पाच मिनिटे चालवा, दोन मिनिटे विश्रांती, असे करत एकूण तीस. इडलीचे पीठ वाटताना हे कोणी पाळत नाही, आणि म्हणूनच मोठ्या सणाच्या आदल्या दिवशी माझ्याकडे गर्दी असते.

आता सुरूच न होण्याचे. तुमच्या बाऊलच्या हँडलमध्ये एक उभी दांडी असते आणि तिच्याखाली स्प्रिंग. झाकण फिरवून लॉक केले की झाकणाची जीभ ती दांडी खाली दाबते, दांडी खालच्या स्विचला दाबते, आणि तेव्हाच वीज पुढे जाते. उघड्या पात्यात हात जाऊ नये म्हणून केलेली सोय. पण कणकेचे ओले पीठ त्या खाचेत उतरते, वाळून सिमेंट होते, आणि दांडी अर्ध्यावर अडकते. झाकण जरा दाबून धरले की चालते, सोडले की बंद, असे तुमचे होत असेल तर शंभर टक्के हेच. बाऊल कोमट साबणाच्या पाण्यात तासभर बुडवून ठेवा, मग दांडी बोटाने वरखाली करत राहा. जुन्या टूथब्रशने खाच घासा, टूथपिकने कोपरे काढा, धारेखाली धरा. नंतर हँडल खाली येईल असा बाऊल आडवा ठेवून पूर्ण वाळवा, नाहीतर स्प्रिंग गंजते. झाकणाची जीभ झिजलीय का किंवा तिचा कोपरा उडालाय का तेही बघा. तसे असेल तर फक्त झाकण बदलावे लागेल.

एक मात्र कळकळीने सांगतो. काही कारागीर हा स्विच काढून तारा थेट जोडून देतात. पाच मिनिटांचे काम, गिऱ्हाईकही खूश. असे कोणी सुचवले तर मशीन उचलून घरी आणा. झाकणाशिवाय फिरणारे ते पाते भाजी आणि बोट यांत फरक करत नाही.

काळ्या पाण्याकडे मात्र दुर्लक्ष करू नका, चारपैकी तब्येतीशी संबंध असलेली तक्रार हीच आहे. भांड्याच्या बुडात पात्याची दांडी एका पितळी बुशमधून, म्हणजे छोट्या नळीतून, जाते. दांडीभोवती एक वॉशर किंवा सील असते, ते वाटण वर अडवून धरते. सील कडक झाले की चटणीचे पाणी बुशमध्ये उतरते, आतले वंगण धुऊन काढते, आणि मग धातूवर धातू घासतो. तुम्हाला दिसणारे काळे पाणी म्हणजे झिजलेला धातू, जुने वंगण आणि कुजलेले वाटण यांचे मिश्रण. जे खाली गळते ते थोडेफार वरही येते. ते भांडे आजपासून वापरू नका. दुकानात नेऊन बुश, दांडी-पाते आणि सील एकत्र बदलून घ्या. फक्त सील बदलले तर झिजलेल्या बुशमध्ये दांडी डगमगते आणि नवे सील महिन्याभरात पुन्हा फाटते. हा खर्च नव्या भांड्याच्या मानाने किरकोळ असतो.

हे परत होऊ नये म्हणून भांडे धुण्याची पद्धत बदला. वाटण काढले की लगेच भांड्यात तिसरा हिस्सा पाणी, भांड्याच्या साबणाचा एक थेंब, आणि दोन-तीन सेकंदांचे पल्स तीन-चार वेळा. ओता, साध्या पाण्याने पुन्हा तेच. पात्याखाली बोट घालायची गरजच पडत नाही. रात्रभर पाणी घालून सिंकमध्ये ठेवणे बंद करा, ते सगळे पाणी बुशवर बसून असते. पालथे घालण्यातही गंमत आहे. भांडे पालथे घातले की आतले पाणी निथळते हे खरे, पण बुडाकडच्या वाटीत पाणी साचून राहते आणि तिथला कपलर गंजतो. म्हणून आधी बूड फडक्याने कोरडे करा आणि मग भांडे आडवे ठेवा.

एखादे भांडे बसवले की मोटर नुसती हूं करते आणि पाते हलत नाही, असे झाले तर स्विच लगेच बंद करा. भांडे उलटे करून खालचा कपलर हाताने फिरवून बघा. तो सहज फिरायला हवा. अडकला असेल तर आत वाळलेले वाटण आहे. फक्त बूड कोमट पाण्यात अर्धा तास ठेवा, मग हळूहळू दोन्ही बाजूंना फिरवत सोडवा. खोबरेल तेल सोडायचा घरगुती उपाय मला मान्य नाही. ते आत चिकट होत जाते, आणि थंडीत २४ अंशांच्या खाली आले की थिजते.

आवाजाचे निदान करायची एक सोपी रीत आहे. ज्या मशीनमध्ये भांड्याशिवाय मोटर चालते, तिथे भांडे काढून दोन सेकंद चालवा. खडखड थांबली तर दोष भांड्यात, राहिली तर खाली. खालच्या भागात बहुधा कपलरच सापडतो. मोटरच्या टोकावरची ती रबरी किंवा नायलॉनची चांदणी. तिचे दात गोल झाले की मोटर जोरात पळते आणि पाते रेंगाळते. कपलर मुद्दामच असा केलेला असतो की भांडे अडकले तर आधी तो तुटावा, मोटर नव्हे. तो घरीही बदलता येतो. बऱ्याच मशिनांत बुडाकडून दांड्याच्या खालच्या टोकाला स्क्रूड्रायव्हरची खाच असते, ती धरून ठेवायची आणि वरचा कपलर पकडीने फिरवायचा. कुठल्या दिशेला, यावरच सगळे फसतात आणि आटे मारून आणतात. लक्षात ठेवा, चालताना मोटर ज्या दिशेने फिरते त्याच दिशेला कपलर फिरवला की तो सुटतो. उलट फिरवाल तर अजून आवळला जाईल.

ठिणग्या बघून बायका घाबरतात. जाळीतून बारीक निळसर ठिणग्या दिसणे या मोटरला नवे नाही, कार्बनचे तुकडे आणि मोटरच्या दांड्यावरचे तांब्याचे कडे (कम्युटेटर) घासतात तिथे त्या होतातच. पण पिवळा-नारिंगी जाळ गोल कड्यासारखा दिसला, किंवा मशीन टपली मारल्यावर चालू होऊ लागले, तर कार्बन संपत आलेत. वेळेत बदलले तर स्वस्तात सुटता. तसेच ओढत राहिलात तर कम्युटेटर खराब होतो आणि मग आर्मेचर, म्हणजे मोटरचा फिरणारा भाग, बदलण्याची वेळ येते. फक्त तीन नंबरवर चालते, एक-दोनवर नाही, अशी तक्रार असेल तर स्विचकडे बघायला सांगा. अंगाला झिणझिण्या आल्या तर मात्र कुठलेही निदान करत बसू नका. मशीन बंद, आणि आधी घरातले अर्थिंग तपासून घ्या. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या अडॅप्टरवर लावणारी घरे अजून आहेत.

मशीनच्या खालच्या भागाला नळ दाखवायचा नसतो, हे सगळ्यांना माहीत असते. पण कपलरभोवतालच्या खोलगट जागेत एक भोक असते, ते कोणी बघत नाही. सांडलेले वाटण त्यातून निथळून खाली ओट्यावर यावे म्हणून ते ठेवलेले असते. ते वाळलेल्या मसाल्याने बुजले की पाणी तिथेच साचते आणि दांड्यावाटे बेअरिंगमध्ये उतरते. महिन्यातून एकदा काडीने ते मोकळे करा. ओट्यावर पाणी दिसायला लागले म्हणून कुणीतरी हे भोक एम-सीलने बंद करून आणलेले मशीनही मी पाहिलेय! आत साधे पाणी गेले तर मशीन आडवे करून पंख्याखाली दोन दिवस वाळवा, तोवर प्लग लावू नका. मीठ असलेले काही गेले तर वाळवून भागत नाही, उघडूनच पुसावे लागते.

बाऊलच्या पिवळेपणाचे सोपे आहे. हळदीचा रंग पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. म्हणून साबणाने कितीही घासा, हलत नाही. आधी खाण्याचे तेल बोटावर घेऊन डागांवर चोळा, कापडाने पुसा, मग साबणाने धुवा, आणि ओला बाऊल काही तास उन्हात ठेवा. हळद उन्हात उडतेच. आठ-आठ दिवस मात्र ठेवू नका, प्लास्टिक ठिसूळ होते. कांद्या-लसणाच्या वासाला खायच्या सोड्याची पातळ पेस्ट लावून तासभर ठेवा. सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून फेस आणायची जी हौस आहे ती फुकट. दोघे एकमेकांना मारून टाकतात आणि उरते खारट पाणी. शिवाय भांड्याचा कपलर किंवा बूड ॲल्युमिनियमचे असेल तर सोडा तिथे लागू देऊ नका, काळे पडते. वास खरा बसतो तो झाकणाच्या रबरी रिंगमध्ये. ती चमच्याच्या दांड्याने उचलून काढा, खाली काय जमलेय ते बघून तुम्हीच चकित व्हाल. पावसाळ्यात आमच्या कोकणात तिथे आठवड्यात बुरशी धरते.

लवंग प्लास्टिकच्या बाऊलमध्ये कधीही फिरवू नका. तिच्या तेलाने पारदर्शक प्लास्टिक कायमचे धुरकट होते, बारीक तडे जातात. गोडा मसाला स्टीलच्या भांड्यातच, आणि तोही जिन्नस पूर्ण गार झाल्यावर, पल्सवर, थोडा थोडा. खोबरे आणि तीळ शेवटी. हळकुंड आणि गुळाचा खडा घरच्या मशीनला घालायचाच नाही. पुरण प्रोसेसरमध्ये होते, पण डाळ कोमट असताना. कडकडीत गरम काही झाकणबंद फिरवले तर वाफ झाकण उडवते आणि चेहरा भाजतो.

पात्याला धार लावायला खडेमीठ फिरवा असा सल्ला सर्रास मिळतो. मीठ पाते घासून चकचकीत करते, म्हणून धार आल्यासारखे वाटते, एवढेच. वाटणाच्या पात्याला सुरीसारखी धार लागतच नाही, त्याचे काम वेगाने आपटून फोडण्याचे आहे. चिरण्या-किसण्याच्या चकत्यांना मात्र धार लागते, आणि ती एकमेकींवर आपटत ठेवल्याने जाते. दोन चकत्यांमध्ये जाड पुठ्ठा किंवा जुने सुती कापड घाला. मीठ लागलेले पाते रात्रभर तसेच ठेवले तर स्टेनलेस असूनही त्यावर डाग पडतात. आमच्याकडे समुद्राची हवा, त्यामुळे हे जरा लवकर दिसते.

ठेवायची जागा सिंकखालची ट्रॉली असेल तर बदला. तिथे ओल आणि झुरळे दोन्ही असतात, आणि झुरळांना मोटरची ऊब फार आवडते. जाळीतून ती आत जातात आणि स्विचच्या पट्ट्यांमध्ये मरून पडतात. बाऊल मशीनवर लॉक करून ठेवू नका, नाहीतर स्प्रिंग चोवीस तास दाबलेली राहते. झाकण सैल किंवा उलटे ठेवा, हवा खेळती राहते आणि वासही धरत नाही. वायर गरम असताना मशीनभोवती घट्ट गुंडाळायची नाही. कापडी कव्हर चांगले, फक्त चालवताना पूर्ण काढा. पावसाळ्यात फारसा वापर नसेल तर पंधरा दिवसांतून एकदा अर्धा मिनिट रिकामे चालवा, आतली ओल निघते. परदेशी मुलांकडे मशीन पाठवायचा विचार असेल तर तेही सांगून टाकतो. अमेरिकेत १२० व्होल्टची वीज असते, तिथे आपले २३० व्होल्टचे मशीन रडतखडत फिरते. त्यापेक्षा तिथल्या व्होल्टेजचे भारतीय मिक्सर मिळतात, तेच घ्यावेत.

तर तुमच्यापुरते असे करा. आज ओव्हरलोडचे बटण आणि हँडलची दांडी बघा. दोन्हींत जमले तर मशीन घरीच सुरू होईल. लहान भांडे बुशसकट दुरुस्तीला द्या, आणि कार्बन किती उरलेत तेही त्याच फेरीत बघायला सांगा. काढलेले जुने भाग परत मागा, चांगला कारागीर न मागता देतो. आर्मेचर आणि फील्ड (मोटरची स्थिर कॉइल) दोन्ही जळाल्याचे कोणी दाखवून दिले आणि खर्च नव्या मशीनच्या निम्म्याच्या वर गेला, तरच नव्याचा विचार करा. आणि नवे घेतलेतच तर वॅट बघत बसण्याआधी त्याच्या भांड्यांचे बुश, सील आणि कपलर तुमच्या गावात सुटे मिळतात का, ते विचारा.